तारीख नसलेली चिठ्ठी

बाबांना पुरून नऊ दिवस झाले होते, तेव्हा ते जिथे संपादक होते त्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीतून अ‍ॅस्क्यूकाका शब्दांचे दाखले लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं खोकं न्यायला आले.

"'होल्प' हा शब्द तेवढा राहिलाय," चहा ढवळत ते म्हणाले. "व्युत्पत्ती लख्ख आहे. 'हेल्प'चं जुनं भूतकाळी रूप, जर्मन आणि डच भावंडं, हजार वर्षांचे दाखले. मग लोक 'हेल्प्ड' म्हणायला लागले आणि हे मागे पडलं. फक्त तुझ्या म्हाताऱ्यानं त्याच्यापुढे खंजीर काढला नाही. अकरा वर्षं अडवून धरलंन."

मेलेल्या शब्दापुढे कोशात खंजिराची बारीक खूण छापतात. शेवटच्या दाखल्याची तारीख पडल्याशिवाय ती काढायची नाही, हा बाबांचाच नियम.

खोक्याच्या तळाशी बाबांच्या हातची चिठ्ठी होती. 'होल्प. बोलण्यात. श्रॉपशर. माझी बायको.' तारखेची जागा कोरी.

आई इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या मेंढपाळाची मुलगी. कुणी मदत केली की ती 'होल्प'च म्हणायची. बाबा चिडवायचे, "आमच्याकडे पंधरावं शतक स्वयंपाक करतं." ती म्हणायची, "मग त्याची भांडी घासायला या."

"तुझ्या आईच्या, केझायावहिनींच्या मृत्यूचं साल घाल आणि सही कर," काका म्हणाले. "सोमवारी छपाईला जातंय."

मी पेन उचललं, पण लिहवेना. शेवटच्या सकाळी मी बाबांची उशी बदलली होती. जन्मात तो शब्द तोंडी न आणलेले बाबा म्हणाले होते, "तू मला फार होल्पलंस." मला वाटलं, भ्रमात आहेत. मी म्हटलं, "बाबा, नीट बोला." त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत.

मी कोऱ्या जागेत त्या सकाळची तारीख, तीन मार्च, लिहिली, आणि खाली बाबांचं नाव.

काकांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला.

"पोरी, हे धरता येत नाही. संपादकाचं स्वतःचं बोलणं आपण पुरावा मानत नाही. तो आयुष्यभर हा शब्द वाचत होता."

"वाचलेला नव्हता हा."

"असेल. पण हाही नियम त्याचाच."

मी ती चिठ्ठी घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवली. दुसरी घेतली, आईचं नाव आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली, आणि शब्दापुढे खंजीर काढला. काकांनी शाई वाळू दिली. मग खोक्याचं झाकण लावलं.