चॉकलेटी रंगाखालचा फणस

मी एक जुनी खुर्ची आहे. कांजूरमार्गच्या एका चाळीत, गुणाजी सुताराच्या दाराशी असते. मित्रांनो, जवळून पाहाल तर माझ्या रेषारेषांत तपकिरी घाण दिसेल. मला तिची किळस येते.

मी फणसाच्या लाकडाची. गुणाजीच्या परसातलं झाड वादळात पडलं, त्याच्या फळ्या त्याने मालवणहून मुंबईला आणल्या होत्या. पुढे संपात त्याचं गिरणीच्या सुतारखात्यातलं काम गेलं. वर्षभराने मुलुंडच्या डॉक्टर क्षमाबाईंना नव्या दवाखान्यासाठी सहा खुर्च्या हव्या होत्या. "आधी एक नमुना दाखवा," त्या म्हणाल्या. तो नमुना म्हणजे मी. मी पसंत पडले, तरच गुणाजीला ते काम मिळणार होतं.

त्याने मला एकही खिळा न मारता जोडलं. अळशीचं तेल चोळलं, वरून मेण घासलं. माझा रंग ताज्या हळदीसारखा होता.

तेवढ्यात त्याचा मेहुणा लवू आला. तो रंगारी.

"भावोजी, ही काय हळद लागलेली नवरी? दवाखान्यात शोभतली?"

"फणस आसा. असोच दिसता."

"डॉक्टरीणबाईंका सागवान होया असतला! माझ्याकडे चॉकलेटी तेलरंग उरलेलो आसा. दोन हात मारतंय. झकास!"

तेल-मेण लावलेल्या लाकडावर तेलरंग धरत नाही, हे गुणाजीला ठाऊक होतं. पण हातचं काम जाईल या भीतीपुढे ते ज्ञान टिकलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मार."

त्या रंगाला सडक्या माशासारखा वास होता. शेंबडासारखा तो माझ्यावरून ओघळला आणि खाली मेण असल्यामुळे सुकेचना. हवा दमट होती. तीन दिवस झाले तरी मी चिकटच. अंगावर धूळ बसली, केस बसले, डासांचे पंख बसले. डाव्या हाताच्या सांध्यात एक झुरळ अडकलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या मिशा हलत होत्या. लवूने ते उपटून काढलं. एक पाय मागे राहिला, त्याच्यावरून त्याने सरळ ब्रश फिरवला.

नमुना दाखवायचा ठरलेला दिवस आला, म्हणून मला तशीच हातगाडीवरून मुलुंडला नेलं. क्षमाबाई बसल्या. उठताना चर्रर्र आवाज झाला. त्यांच्या पांढऱ्या साडीवर तपकिरी पट्टा उमटला.

"शी! हे काय? आणि हा... झुरळाचा पाय?"

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला उलटं केलं. तळाला लवूचा ब्रश पोचला नव्हता.

"हे कुठलं लाकूड?"

"फणस. आमच्या परसातला."

"मग झाकलंत कशाला?"

"सागवानासारखं दिसावं म्हणून, बाई."

"सागवान मी मागितलं होतं का? पुढच्या सोमवारी दुसरी खुर्ची आणा. हा तळ जसा आहे, तशी."

दुसरी पसंत पडली. मग उरलेल्या पाचही झाल्या. गुणाजीने मला काचेच्या तुकड्याने कित्येक दिवस खरवडलं. वरचा रंग निघाला, पण लाकडाच्या बारीक छिद्रांत शिरलेला निघाला नाही. मी दवाखान्यात गेले नाही.

पाच वर्षांनी दवाखान्यातल्या त्या सहांपैकी एक दुरुस्तीसाठी माझ्या शेजारी आली. उजेडाने आणि माणसांच्या स्पर्शाने तिची हळद जाऊन गडद मधाचा रंग आला होता.

लवूने विचारलं, "भावोजी, ही सागवानाची मा?"

"फणस आसा," गुणाजी म्हणाला. त्याचा अंगठा मात्र माझ्या हातावरून फिरत होता. "लवू, आपण नुसते थांबलो असतो, तर हीसुद्धा अशीच झाली असती."

मित्रांनो, लाकडाला रंग फासण्याआधी ते उलटं करून त्याचा तळ बघा, आणि त्याला थोडी वर्षं द्या. माझ्या डाव्या हाताच्या सांध्यात तो झुरळाचा पाय अजून आहे.