लाल चंद्रावरचा मुक्काम

भुजंगरावांनी स्टुलावर चढून कापडी फलकाची एक दोरी खिडकीच्या गजाला बांधली, खाली उतरून स्टूल पलीकडे सरकवलं आणि पुन्हा चढण्याआधी गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले. ही दुसरी बाजू दरवर्षी महेमूद बांधायचा. फलकावर लिहिलं होतं : ‘विज्ञानकथा-चित्रकथा रसिक मेळावा, जालना. वर्ष दहावे.’ ‘दहावे’ हा शब्द कागदावर लिहून वरून चिकटवलेला. त्याच्याखाली मागची सगळी वर्षं एकावर एक बसली होती.

मस्तगडावरच्या वाचनालयाची वरची खोली रविवारी मोकळी असे. दहाची वेळ दिली होती. साडेदहा वाजले, पावणेअकरा झाले. चाळीस कार्डं टाकली होती, त्यातली सहा पत्ता बदलल्याच्या शेऱ्यासह परत आली होती. बाकीच्यांनी निदान परत तरी पाठवायची होती, असं त्यांना वाटून गेलं. मग त्या वाटण्याचाही कंटाळा आला.

भुजंगराव पाटबंधारे खात्यात कारकून. सत्त्याऐंशी साली त्यांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला, तो रविवारी सकाळी लागणाऱ्या अंतराळाच्या मालिकेसाठी. अर्धी गल्ली त्यांच्या घरात बसायची. मालिका संपली की प्रकाशवर्ष म्हणजे काय, ते ओट्यावर उभं राहून समजावून सांगायचे. मुंबईहून ‘अंतरिक्षवेध’ नावाचं चित्रमासिक पोस्टानं यायचं, ते तर त्यांना पाठच व्हायचं. त्यातलं ‘शततारा’ यान, त्याची कप्तान मृण्मयी, आणि चौकोनी डोक्याचा यंत्रमानव ठोकळ्या. त्याच मासिकाच्या पत्रव्यवहारात एकदा कुणीतरी लिहिलं होतं, की परदेशात अशा कथांच्या वेडापायी हजारो माणसं एका जागी जमतात, पात्रांचे पोशाख घालतात, तीन-तीन दिवस वाद घालतात. ते पत्र त्यांनी महेमूदच्या दुकानात वाचून दाखवलं. महेमूद शिंपी. मशीन थांबवून त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘अपन भी करेंगे.’ पुढच्या आठवड्यात त्यानं चंदेरी कापडाचा कप्तानाचा पोशाख शिवला. पहिल्या मेळाव्याला साठ माणसं आली. निम्मी पोशाख पाहायला आली असतील, पण आली.

मग घरोघर केबल आली. मंडळींची लग्नं झाली, बदल्या झाल्या. महेमूदची नजर अधू झाली आणि तो औरंगाबादला मुलाकडे राहायला गेला. या फेब्रुवारीत मासिकही बंद पडलं. शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर कप्तान मृण्मयी लाल चंद्रावर एकटी उरली होती, तिच्याजवळ नऊ दिवसांची हवा होती, यान वर निघून गेलं होतं, आणि खाली ‘क्रमशः’. हा मेळावा शेवटचा, असं आज जाहीर करायचं त्यांनी ठरवलं होतं. जाहीर करायला माणसं लागतात, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. गोजरबाई आत आल्या.

त्यांना भुजंगराव ओळखत होते, म्हणजे पाहून होते. जाफराबादकडच्या एका खेड्यातल्या. पहिल्या वर्षी नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला, तरी बाई येतच राहिल्या. शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. मागच्या वर्षभरात ‘शततारा’चं काय काय झालं, ते भुजंगराव दर मेळाव्यात तासभर सांगत, तेवढं ऐकायच्या आणि न बोलता निघून जायच्या. जालन्यात काही काम असेल, गाडीची वेळ होईपर्यंत टेकत असतील, असंच ते धरून चालले होते.

आज त्या पहिल्या रांगेत बसल्या. कुणी आलेलं नाही, हे भुजंगरावांनी त्यांना सांगितलं. मासिक बंद पडलंय, त्यामुळे सांगण्यासारखंही काही नाही, हेही सांगितलं. आपला आवाज कचेरीत फाईल सापडत नाही म्हणून सांगतानाच्या आवाजासारखा आलेला त्यांना ऐकू आला.

गोजरबाईंनी पदर सारखा केला.

“म्हंजे त्या कप्तानबाईचं पुढं काय झालं, ते कुणालाच ठावं न्हाई?”

“नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही.”

गोजरबाई चूक कबूल करावी तशा म्हणाल्या, “मंग माझ्याकडून लई वंगाळ काम झालं, भाऊ.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. गोजरबाई गावातल्या बालवाडीत मदतनीस होत्या. लेकरांना खिचडी वाढायची, खाऊ घालायचं. लेकरं घास घेत नसत, म्हणून एकदा त्यांनी इथं ऐकलेली यानाची गोष्ट सुरू केली. तेव्हापासून दर वर्षी इथं ऐकायचं आणि वर्षभर थोडं थोडं करून तिथं वाढायचं, असं चाललं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. लाल चंद्राचं त्यांना नातवानं कळवलं. पुण्यात त्याच्या हाती तो शेवटचा अंक पडला होता आणि सुट्टीला आल्यावर त्यानं तो वाचून दाखवला. पण पुढचा अंक काही आला नाही. इकडं लेकरं रोज विचारायची, बाईची हवा सरली का? एक पोरगी तर जेवेनाच.

“नऊ दिवस म्यां कसेबसे काढले,” गोजरबाई म्हणाल्या. “धाव्या दिवशी काय सांगू? मंग माझ्याच मनानं सांगितलं. तुमचं खरं काय असंल ते इचारायलाच आल्ते आज. खोटं सांगून राह्यले लेकरांना, रातची झोप न्हाई.”

भुजंगरावांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.

“काय सांगितलंत?”

त्यांनी सांगितलं. यान मागे फिरवून तिला वर घ्यायचं तर तेल पुरत नव्हतं. तिच्या बदल्यात कुणाला तरी उतरवून वजन कमी करायला हवं होतं. यानातल्या माणसांनी तीन दिवस भांडण केलं, बालवाडीतल्या लेकरांनीही केलं. शेवटी ठोकळ्या म्हणाला, मला हवा लागत न्हाई, मी उतरतो. यान आलं, कप्तानबाई उन्हाळ्यातल्या दुपारी पडून राहावं तशी निपचित पडली होती, म्हणून तिला हवा पुरली. तिला वर घेतलं आणि ठोकळ्या खाली राहिला.

फेब्रुवारीपासून कचेरीत टेबलावर डोकं टेकून भुजंगरावांनी मृण्मयीला सोडवायच्या अकरा तऱ्हा विचारात घेतल्या होत्या. एकीतही ठोकळ्या नव्हता.

“आता लेकरं ठोकळ्याचं इचारतेत,” गोजरबाई म्हणाल्या. “दोन दिस रडली. त्याला आणावं तर आणायचं कसं, ते मला जमंना. यंत्राचं मला कळत न्हाई.”

“तो उन्हावर चालतो,” भुजंगराव म्हणाले. बोलताना ते पुढे झुकले होते. “पाठीवर काचेचे पत्रे आहेत त्याच्या. पण लाल चंद्रावर चौदा दिवसांची रात्र असते, मावशी. अंधार पडला की तो बंद पडणार.”

“मरंल?”

“नाही. बंद पडेल. ऊन आलं की पुन्हा सुरू.”

गोजरबाईंनी मान डोलावली.

“म्हंजे निजंल. हे बराबर हाय. लेकरांना कळंल हे.” मग त्यांनी विचारलं, उठल्यावर त्याला मागचं ध्यानात राहतं का?

दहा वर्षांत हा प्रश्न भुजंगरावांना कुणी विचारला नव्हता. पोशाख घालून आलेल्यांनीही नाही.

त्यावर ते दोघं बारा वाजून जाईपर्यंत बोलत राहिले. सगळं आठवावं, असं गोजरबाईंचं म्हणणं. थोडं पुसलं जावं, नाहीतर एकटेपणा फार होईल, असं भुजंगरावांचं. ठरलं काहीच नाही.

जाफराबादची गाडी सव्वा वाजता होती. ते त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. गर्दीत वाट काढून त्यांनी खिडकीची जागा धरून दिली. गोजरबाई बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि गजातून म्हणाल्या, “तुमीच या की एकदा. काचेचे पत्रे काय, चौदा दिसांची रात काय, मला नीट सांगता याचं न्हाई. बेचाळीस लेकरं हाएत.”

एवढ्या लांबचा प्रवास, पुढे जीप, त्यात हे गुडघे. पाहू, असं म्हणायला त्यांनी मान वर केली.

“बालवाडी रविवारी असते का?”

“रविवारी कुठली? सोमवार ते शनिवार.”

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी वळून फाटकातून बाहेर पडली, तरी भुजंगराव फलाटावरच उभे होते. डिसेंबरपर्यंत आपल्या किती किरकोळ रजा उरल्या आहेत, ते बोटांवर मोजत.