फुलपात्राच्या बुडाशी

सकाळचे दहा वाजले होते आणि साक्षी घरी आली होती. एवढ्यावरूनच भिकननानांना शंका यायला हवी होती. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी त्यांची लेक घरी आलेली त्यांना फक्त एकदाच आठवत होती, आणि तो तिच्या आईचा शेवटचा दिवस होता. पण नाना वाचत बसले होते, आणि वाचत बसले की त्यांना दार वाजलेलंही कळत नसे.

"नाना, हे वाचा," म्हणत साक्षीने उघड्या पुस्तकावरच फोन ठेवला.

नानांचा पुतण्या धम्मपाल जर्मनीत असतो, त्याने काल रात्री पाठवलेला फोटो होता. तिथल्या कुठल्याशा दुकानात त्याने तांब्याचं एक फुलपात्र उलटं धरलं होतं. बुडावरचा कंपनीचा स्टिकर अर्धा सोललेला होता आणि त्याखालून टिंबाटिंबांची एक ओळ वर आली होती. धम्मपालने खाली लिहिलं होतं, 'ताई, हे कुणाचं डोकं? मी इथे एकटाच हसत उभा आहे आणि दुकानातली बाई माझ्याकडे संशयाने बघतेय.'

नानांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ओळ वाचली. परत वाचली. हातातला चहा बशीत सांडला, बशीतून लेंग्यावर आला, आणि तो गरम आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

'भिमा, रागावू नकोस.'

"तुमचंच अक्षर आहे ना?" साक्षीने विचारलं.

"हं."

"आणि भिमा म्हणजे आपली आई?"

"हं."

"चाळीस हजार नग गेलेत, नाना. बावीस देशांत. प्रत्येकाच्या बुडाशी तुम्ही आईची माफी मागताय."

नानांनी पुस्तक मिटलं. खूण घालायचंही राहिलं. आपण भर चौकात उघडे उभे आहोत, असं त्यांना वाटलं. ज्या बाईला त्यांनी सबंध आयुष्यात 'अगं, ऐकलंस का' याखेरीज हाक मारली नाही, तिचं नाव त्यांनी एकदाच, फक्त एकदाच घेतलं होतं, तेही हातोडीने. आणि आता ते जग वाचत होतं.

भिकननानांचा मूळ धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. नाशिकच्या भांडी बाजारात दुसऱ्याच्या दुकानापुढच्या पायरीवर ते छिन्नी-हातोडी घेऊन बसत. लग्नाची भांडी, रुखवताची भांडी, कुणाच्या स्मरणार्थ वाटायची भांडी, सगळ्यांवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरांत नावं उमटत. हात सोन्याचा, पण जीभ गोठलेली. गिऱ्हाइकाने नाव सांगितलं की मान हलवायची, एवढाच संवाद. बोलायचं काम भिमाबाईंचं. पायरीवरून आठ बाय दहाच्या दुकानात आणलं ते त्यांनी. कोरी फुलपात्रं घेऊन, नावं घालून विकायची कल्पनाही त्यांचीच. नानांचे डोळे दुखायला लागले की त्या स्वतः हातोडी घेत.

शहाऐंशी सालची गोष्ट. भिमाबाई माहेरी गेलेल्या असताना मुंबईचा एक व्यापारी दुकानात आला. दोन हजार फुलपात्रं हवी होती त्याला, परदेशी पाठवायला. नानांना दरदरून घाम फुटला. दोन हजार! वेळेत झाली नाहीत तर? पसंत पडली नाहीत तर? ते म्हणाले, "आमच्यानं नाही व्हायचं, शेठ," आणि वर त्याला चहा पाजून दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. भिमाबाईंना हे परत आल्यावर कळलं, तेही शेजारच्या दुकानदाराकडून.

त्या अकरा दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, पण शब्द नाही. अकराव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नसताना नानांनी त्यांचं रोजचं पाण्याचं फुलपात्र उलटं केलं आणि बुडाशी ती ओळ घातली. तोंडाने म्हणायचं त्यांच्याने झालं नसतं. दुसऱ्या दिवशी जेवताना भिमाबाई म्हणाल्या, "मीठ कमी असेल तर सांगा." नानांना वाटलं, माफी मिळाली. विषय संपला.

हे सगळं आज त्यांना साक्षीला सांगावं लागलं, आणि सांगताना ते एकदाही तिच्याकडे बघू शकले नाहीत.

साक्षी खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे माझी पहिली मोठी ऑर्डर तुम्ही माझ्या जन्माच्या आधीच घालवली होती."

त्या आठ बाय दहाच्या दुकानावर तिने 'भिमाई' ही कंपनी उभी केली होती. अंबडला कारखाना होता, विंचूरला नवी शेड बांधून तयार होती आणि तिच्यासाठी साठ बायका कामावर घेतलेल्या होत्या. त्या साठजणींचं काम ज्या दोन लाख नगांवर चालायचं, ते नग रॉटरडॅमची एक कंपनी घेणार होती; पहिले चाळीस हजारही तिनेच घेतले होते. गेल्या वर्षी त्या कंपनीच्या बाई घरी आल्या होत्या. भिमाबाईंच्या फोटोशेजारी ठेवलेलं त्यांचं फुलपात्र बघून त्या म्हणाल्या, आम्हाला हुबेहूब असंच हवं, झिजेसकट, खुणांसकट. साक्षीने ते चार दिवसांपुरतं कारखान्यात नेलं आणि परत आणून ठेवलं.

"तिथल्या गिऱ्हाइकांनी विचारलं म्हणून आता रॉटरडॅमच्या बाई आपल्याला विचारतायत, बुडाशी काय लिहिलंय. धर्माचं आहे की राजकारणाचं? आम्ही नक्षी समजून मंजूर केलं, म्हणतात. साडेबाराला व्हिडिओवर बोलायचंय. उत्तर पटलं नाही तर सगळा माल दुकानांतून उचलणार. मग दोन लाख विसरा आणि विंचूरही विसरा."

नाना पटकन म्हणाले, "माल परत बोलाव. माफी मागून मोकळी हो. आपल्याला नाही झेपायचं हे, साक्षी. मी आधीच म्हणत होतो."

साक्षीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. नानांना ते बघणं तिच्या आईचं वाटलं आणि त्यांनी मान खाली घातली. "चला," ती म्हणाली, "आधी कारखान्यात जाऊ. हे झालं कसं ते तरी कळू दे."

अंबडच्या कारखान्यात साचे बनवणारा संतोष हात पुसत पुढे आला. साक्षीने फोटो त्याच्या नाकापुढे धरला.

"हे तू वाचलं नव्हतंस?"

"वाचलं ना, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

संतोष गोंधळला. "काय बोलायचं? भांड्यावर नाव असतंच की. माझ्या घरात एक चमचा बिननावाचा नाही. त्यांनी सांगितलेलं खुणांसकट पाहिजे. मला वाटलं, तुम्ही आईंचं नाव मुद्दाम ठेवलंय."

पॅकिंग बघणाऱ्या सरूबाई सुरगाण्याकडच्या. त्या मध्येच म्हणाल्या, "आम्ही समद्यांनी वाचलं. रोज वाचतो. नव्या बाईला पयल्या दिवशी तेच दाखवतो, बघ गं, आपल्या नानांनी कसं लिवलंय."

नानांचे कान तापले. म्हणजे वर्षभर ते या दारातून आत येत होते आणि आतल्या ऐंशी बायकांना ठाऊक होतं. भिंतीला टेकावं म्हणून ते मागे सरकले तर तिथे भिंत नव्हती, खोक्यांची थप्पी होती.

"सरूबाई, मला का नाही सांगितलं?" साक्षी जवळजवळ ओरडलीच.

"तुमचंच घरचं भांडं, ताई. तुमाला काय सांगायचं? आन् खरं सांगू, नानांच्या वळीपेक्षा खालची वळ लय भारी हाय."

"कुठली खालची?" साक्षीने विचारलं.

"ती हो, स्टिकराखालची."

नानांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. खाली ओळ नव्हती. एकच ओळ होती, त्यांनी स्वतः घातली होती. सरूबाईंनी खोक्यातून एक फुलपात्र काढलं, स्टिकर नखाने खरवडून सोलला आणि त्यांच्या हातात दिलं.

वर त्यांची ओळ होती, बारीक, झिजलेली. तिच्याखाली दुसरी होती. तिची टिंबं खोल होती, एकमेकांपासून लांब, आणि जरा डावीकडे कललेली. एका टिंबाला दोन ठोके मारायची सवय त्यांच्या माहितीत एकाच बाईला होती. किती वेळा सांगितलं होतं तिला, अगं, पत्रा फाटेल.

'पुन्हा नाही म्हणू नका.'

नाना तिथल्या स्टुलावर बसले. कुणीतरी पंखा त्यांच्याकडे वळवला.

म्हणजे तिने उत्तर दिलं होतं. त्याच आठवड्यात दिलं असेल, किंवा मीठ कमी असेल तर सांगा म्हणाली त्याच दिवशी. तिला वाटलं असणार, वाचतील. वाचनालयातलं अर्धं कपाट वाचलेला माणूस, फुलपात्राचं बूड नाही का वाचणार? आणि त्यांनी ते कधी उलटं केलंच नाही. ते तिचं होतं, तीच घासायची, तीच भरायची. ती गेल्यावर तर त्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

मग त्यांना आठवलं ते आणखी वाईट होतं. एक्याण्णव साली सुरतेचा माणूस आला होता. त्यालाही नाना नाहीच म्हणाले. पुढे एकदा हैदराबादच्या एका दुकानालाही. दर वेळी भिमाबाई भांडल्या नाहीत. समोर बसून त्या पाणी प्यायल्या, फुलपात्र चांगलं उंच धरून, बूड नानांच्या तोंडासमोर येईल असं. नानांना वाटायचं, ही आपल्याला आपल्या माफीची आठवण करून देते. शरमेने ते दुसरीकडे बघायचे. बत्तीस वर्षं ती त्यांना दाखवत होती, आणि बत्तीस वर्षं ते नेमक्या त्या क्षणी मान वळवत होते.

"नाना," साक्षी हळूच म्हणाली, "साडेबारा होत आले. मी सांगते त्यांना काहीतरी. जुनी नक्षी आहे म्हणते."

"नको," नाना म्हणाले. स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. "मी सांगतो. तू इंग्रजी कर."

कारखान्याच्या ऑफिसात पडद्यावर रॉटरडॅमच्या बाई आणि त्यांच्या बाजूला टाय लावलेले एक गृहस्थ होते. नानांनी फुलपात्र कॅमेऱ्यापुढे उलटं धरलं आणि बोलायला लागले. अडखळत, चुकत, मध्येच मागे जाऊन. मुंबईचा व्यापारी सांगितला, अकरा दिवस सांगितले, मीठ सांगितलं. दोन ठोक्यांचं टिंब सांगताना त्यांनी टेबलावर बोट आपटून दाखवलं. साक्षी भाषांतर करत होती. दुसऱ्या ओळीपाशी तिचा आवाज फुटला, तेव्हा ते टायवाले गृहस्थ खाली बघायला लागले.

त्यांचं आपसात बोलणं झालं. माल दुकानांत राहील, बाई म्हणाल्या. पुढच्या दोन लाखांवरही हे असू द्या, मात्र वरचीच ओळ. माफी कुणालाही भेट देता येते. खालची जरा ताकीद दिल्यासारखी वाटते, ती काढा.

साक्षीने आवाज बंद केला. "काय सांगू? हो म्हणते. विंचूर वाचलं, नाना."

नानांनी बुडावरून अंगठा फिरवला. "दोन्ही राहतील असं सांग. नाहीतर दोन्ही काढा."

"आत्ताच आईने काय लिहिलंय ते वाचलंत ना? आणि पुन्हा नाहीच म्हणताय?"

"नाही कुठं म्हटलं? दोन्हीला हो म्हटलं."

साक्षी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने आवाज चालू केला आणि तसंच सांगितलं. पलीकडे बाई आणि टायवाले एकमेकांकडे वळले. संतोष दारात उभा राहून नखं कुरतडत होता. अखेर बाई हसल्या आणि लांबलचक काहीतरी बोलल्या.

"कबूल आहेत," साक्षी म्हणाली. "पण एक अट घातलीय. प्रत्येक खोक्यात या ओळींची गोष्ट घालायची, छापून. आणि ती तुम्हीच लिहायची. तुमच्या अक्षरात मराठी, खाली भाषांतर. दोन लाख कागद."

नानांनी फुलपात्र टेबलावर ठेवलं. दोन लाख लोक! आपल्याला कुठं लिहिता येतं? आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलं, नावं घातली ती दुसऱ्यांची. पसंत पडली नाही तर? 'नाही' हा शब्द अगदी दातांपर्यंत आला. एवढ्या वर्षांची वाट होती त्याची, पाठ झालेली.

समोर येऊन बसलेल्या सरूबाईंना तहान लागली होती. त्यांनी टेबलावरचं ते बिनस्टिकरचं फुलपात्र उचललं, माठातून भरून घेतलं आणि नानांच्या पुढ्यात उभ्या राहून सावकाश पाणी प्यायला लागल्या. फुलपात्र चांगलं उंच धरलं होतं.

या वेळी नानांनी मान वळवली नाही.

"कागद आण गं, साक्षी," ते म्हणाले.