न सांगितलेले दोन दिवस

तलेमसानच्या जुन्या बाजारामागे बायकांचा एक हम्माम, म्हणजे गरम पाण्याचं सार्वजनिक न्हाणीघर, आहे. मेबारका तिथे तेवीस वर्षं बायकांची अंगं घासत आली होती. अर्ध्या गावाच्या पाठी तिला चेहऱ्यांपेक्षा पक्क्या ठाऊक होत्या. तिचा नवरा मिलूद त्याच इमारतीच्या तळघरात भट्टीवर असायचा. ऑलिव्हच्या बियांचा चोथा आणि लाकडाचा भुसा टाकून तो दिवसभर आग पेटती ठेवायचा आणि वरची फरशी तापायची. बायका म्हणायच्या, "नवरा खालून शेकतो, बायको वरून सोलते. आम्ही जगायचं कसं?"

मेबारकाची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती. त्या सोमवारी पाण्याची भरलेली बादली उचलताना कमरेत काहीतरी सटकलं आणि दोन्ही पायांत एकदम कळ गेली. ती थोडा वेळ भिंतीला टेकून राहिली आणि पुन्हा कामाला लागली.

मंगळवारी सकाळी कळ ओसरल्यासारखी वाटली, म्हणून तिला बरंही वाटलं. पण बसायच्या जागेला आणि मांड्यांना आतून बधिरपणा आला होता, जणू तेवढा भाग दुसऱ्या कुणाचा होता. लघवीला बसली तर होईना. बराच जोर लावला तेव्हा चार थेंब पडले.

"कंबर कशी आहे?" मिलूदने विचारलं.

"आहे तशीच."

"मग आज घरी राहा."

"तू राहतोस का, तुझी दुखते तेव्हा?"

तो हसून गेला. दुसऱ्यांच्या अंगाला आयुष्यभर हात लावणाऱ्या या बाईने आपल्या त्या जागेचं नाव नवऱ्यासमोर कधी काढलं नव्हतं. आताही काढलं नाही.

बुधवारी दुपारी ती भट्टीच्या बाजूच्या फरशीवर बसून एका म्हातारीचे पाय घासत होती. तिथे फरशी इतकी तापते, की खाली काही घेतल्याशिवाय कुणी बसत नाही. ती उठली तेव्हा वसीला नावाच्या गिऱ्हाइकाने तिला थांबवलं. वसीला इस्पितळात नर्स होती.

"खाला, मागे फोड आलेत तुला. भाजलंय. कळलं नाही?"

"नाही."

वसीला जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लघवी शेवटची कधी झाली?"

मेबारकाने मान फिरवली.

"खाला, मी आत्ता नर्स म्हणून विचारतेय. सांग."

"काल सकाळी. थोडीशी."

"कपडे घाल," वसीला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता निघायचंय."

इस्पितळात नळी घातली तेव्हा लिटरभराहून जास्त लघवी निघाली. कण्याचा फोटो काढला आणि दिवेलागणीला तिला ऑपरेशनला नेलं. नंतर डॉक्टरांनी मिलूदला समोर बसवून सगळं सांगितलं. कण्याच्या खालच्या टोकाला मज्जातंतूंचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाय, लघवी, शौच, तिथली स्पर्शाची जाणीव, हे सगळं त्याच्यावर चालतं. दोन मणक्यांमधली गादी सरकून त्या झुपक्यावर दाबली गेली होती.

"म्हणजे आता बरी होईल," मिलूद म्हणाला.

"दाब काढलाय. चेंगरलेलं किती जागं होईल ते वर्ष-दीड वर्षात कळेल. पहिल्या दिवशी आणलं असतं तर आशा जास्त होती."

तीन दिवस मिलूदने हे पोटात ठेवलं. चौथ्या दिवशी तो तिच्या खाटेशी बसून म्हणाला, "मंगळवारी मी विचारलं होतं तुला."

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

"कोणत्या तोंडाने सांगू?"

मिलूद म्हणाला, "आणि आग माझीच होती."

"आगीचा काय दोष," मेबारका म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

पुढचे महिने व्यायामात गेले. डावा पाय सावरला, उजव्याची बोटं मात्र फरपटत राहिली आणि हातात काठी आली. दिवसातून चार वेळा आरसा धरून स्वतःच नळी घालायला वसीलाने तिला शिकवलं. मधूनच कपडे ओले व्हायचे, म्हणून मेबारकाने नमाज सोडला. हे तिने नवऱ्याला मात्र सांगितलं. मिलूद मशिदीत इमामाला विचारून आला.

"प्रत्येक नमाजाआधी नव्याने वजू करायचा, हात-पाय-तोंड धुवायचं. मग काही झालं तरी दोष नाही."

"माझं नाव घेतलंस?"

"छे. एका माणसाला असं होतं, म्हटलं. तर म्हणतो, त्या माणसाच्या बायकोला माझा सलाम सांग."

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली.

त्या हिवाळ्यात एके संध्याकाळी अंथरुणात मिलूदने तिच्या मांडीवर हात ठेवला. तो पुढे सरकला तेव्हा मेबारका म्हणाली, "तुझा हात कुठे आहे ते मला दिसतंय. जाणवत नाही." त्याने हात तिथेच राहू दिला. पण त्यानंतर पुन्हा कधी ठेवला नाही, आणि तिनेही का म्हणून विचारलं नाही.

हम्मामात तिच्या जागी दुसरी बाई आली. दीड वर्षाने डॉक्टरांनी मेबारकाला शेवटचं तपासलं. लघवीची थोडी जाणीव परतली होती, नळी आता दिवसातून चारऐवजी दोनदाच लागत होती. बाकीचं आता असंच राहणार, असं त्यांनी सांगितलं. मेबारकाने मान डोलावली.

बसथांब्यापाशी तिने घड्याळ पाहिलं आणि जवळच्या सार्वजनिक संडासात गेली. मिलूद बाहेर तिची काठी धरून उभा राहिला. एक घाईत असलेली बाई आली, दार ओढून पाहिलं आणि वैतागून त्याच्याकडे वळली.

"आत कोण आहे एवढा वेळ?"

"माझी बायको," मिलूद म्हणाला. "तिला वेळ लागतो."