‘झाली’ आणि ‘आली’

मावशींनी चड्डी उलटी केली आणि आतली बाजू स्वतःच्या गालावर घासून पाहिली. शिलाई टोचत नाही ना, इलॅस्टिक रुतत नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्या गिऱ्हाइकापुढे काही ठेवत नसत. समोरची बाई घाईत होती. बोटाला अडीच वर्षांची मुलगी. बालवाडीनं बजावलं होतं, पोर शू सांगायला लागल्याशिवाय घेणार नाही. म्हणून बाईला ओल बाहेरच येणार नाही अशी, प्लास्टिकचं अस्तर लावलेली चड्डी हवी होती.

“त्यापेक्षा ही सेंद्रिय कापसाची घ्या,” मावशी म्हणाल्या. “ओलं झालं की पोरीला कळलं पाहिजे. आधी ‘झाली’ म्हणेल, मग एक दिवस ‘आली’ म्हणेल. तेवढं शिकेपर्यंतच ही शिकाऊ चड्डी.”

बाई हसली. तेवढ्यात मुलगी पायांकडे पाहत म्हणाली, “झाली.” फरशीवर ओघळ आला होता. बाईचा हात उगारला गेला, तो मावशींनी वरच्यावर धरला. गिऱ्हाइकाचा हात धरू नये, हे वीस वर्षं काउंटरवर काढलेल्या मावशींना कुणी सांगायला नको. पण धरला खरा.

“मारू नका,” त्या म्हणाल्या. “पोरं लक्षात ठेवतात.”

मावशींचा मुलगाही तीन महिने ‘झाली’च म्हणत होता. शेवटच्या ‘झाली’ला त्यांनी एक ठेवून दिली. आठवड्याभरात तो तापानं फणफणला. दवाखान्यात, हाताला नळ्या लावलेल्या असताना, तो पहिल्यांदाच वेळेवर म्हणाला, “आई, आली.” उठवायची सोय नव्हती. इथेच कर रे राजा, म्हणून त्यांनी परोपरीनं सांगितलं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. तो त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हता, हाताकडे पाहत होता. दुपारी तो गेला, तेव्हा अंथरूण कोरडं होतं.

अजूनही दुपारी दुकान रिकामं असलं की कपाटांमागून तोच दबका आवाज येतो, “आई, आली.” मावशी हातातलं टाकून धावतात. दुकानातल्या पोरींना वाटतं, मावशी उंदराच्या मागावर आहेत. मावशींनी तो समज तसाच राहू दिला आहे. मागे कुणी नसतं हे त्यांना ठाऊक असतं, पण न जाण्याची भीती वाटते.

बाई ओशाळली होती. मावशींनी फरशी पुसली, मुलीला कोरडं केलं, नवी चड्डी चढवली. बाईनं तशाच सहा बांधायला सांगितल्या आणि सहज विचारलं,

“तुमच्या मुलाला किती दिवस लागले हो?”

“तीन महिने.”

“आणि नंतर?”

“नंतर एकदाही नाही.”

“गुणी आहे हो.”

“गुणी होता,” मावशी म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

बाई निघाली. दाराशी पोचल्यावर ती एकदम थबकली. तिनं वळून पाहिलं नाही. वाकून मुलीला उचललं, कडेवर घट्ट धरलं, आणि मग ती बाहेर पडली.