नारूची उपमा

सोलापूरजवळच्या वळसंगहून आलेलं एक अंतर्देशीय पत्र मी सात महिने शब्दकोशात ठेवलं होतं. उत्तर दिलं नव्हतं. ते 'न'च्या पानांत होतं. मुद्दाम ठेवलं की नकळत, हे मला आजही सांगता येणार नाही.

पत्र सोजरबाई नावाच्या बाईंचं होतं. अक्षर दुसऱ्या कुणाचं, गोल आणि सुटं. मजकूर असा: 'सर, पेपरात तुमचं आलेलं आमच्या घरी वाचलं. माझे पण पाय संध्याकाळपासून तसंच करतात. पण आता घरचे म्हणतात की हा नारूच आहे, पेपरात छापून आलंय. माझी घागर वेगळी केली. हौदाला हात लावू देत नाहीत. हा नारू नाही, असं दोन ओळी लिहून पाठवा. तुमचं ऐकतील.' खाली 'लिहिणार: संघप्रिया, आशा कार्यकर्ती' आणि फोन नंबर.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. दोन ओळी लिहायला मला नेहमीच दोन दिवस लागतात. पण सात महिने त्या हिशेबात बसत नाहीत. आधी वाटलं, मी डॉक्टर नाही, मी कोण सांगणार. मग वाटलं, खरोखरच नारू असला तर? पुढे इतका उशीर झाला की उत्तराआधी माफी मागणं आलं, आणि माफीचा मसुदा काही जमेना.

नारू आजच्या मुलांना ठाऊक नसेल. पायविहिरीच्या पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायाच्या कातडीतून बाहेर यायचा, दोऱ्यासारखा, हातभर लांब किडा. माझ्या लहानपणी लोक त्याचं टोक काडीला गुंडाळत आणि रोज एक वेढा देत. नारू झालेल्याला विहिरीत उतरू देत नसत, आणि ते बरोबरच होतं. देशातून तो नाहीसा होऊन पंचवीस वर्षं झाली. हे मला लेख लिहितानाही ठाऊक होतं.

लेख माझ्या पायांबद्दल होता. दिवेलागणीला खुर्चीत बसलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरकू लागे. दुखत नसे, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नसे. हलवला की थांबे, आणि पुन्हा सुरू. डॉक्टरांनी त्याला रेस्टलेस लेग्ज असं नाव सांगितलं, रक्त तपासलं, त्यात लोह फार कमी निघालं, गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी बराच आराम पडला. मधल्या काळात मी स्वतःच्या मनाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मॅग्नेशियमच्या गोळ्याही आणून खात होतो. त्यांनी पोट तेवढं बिघडलं.

इथल्या एका दैनिकाच्या आरोग्य पुरवणीने लेख मागितला तेव्हा मला डॉक्टर नको वाटले. डॉक्टर आले की शोध त्यांचा झाला असता. मी रक्ततपासणी गाळली, कंटाळवाणी म्हणून. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांनी, लोहाच्या आणि मॅग्नेशियमच्या, मला कसं बरं केलं ते दीड कॉलम सांगितलं. आणि सुरुवात केली: 'दिवेलागण झाली की जणू माझ्या पोटरीत नारू वळवळू लागतो.' प्रुफं तपासताना 'जणू' मला ढिला वाटला. मी तो काढला. वाक्य घट्ट झालं म्हणून त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

मार्चमध्ये पित्ताच्या गोळ्या आणायला मी मेडिकलमध्ये गेलो. दुकान मल्लेशचं, लेखातल्या गोळ्या त्याच्याकडच्याच. त्याने काउंटरच्या काचेवर माझा लेख लॅमिनेट करून लावला होता. शेजारी पावडरचे डबे रचले होते. डब्यावर धावणाऱ्या पायांचं चित्र आणि खाली 'लोह, मॅग्नेशियम व एकोणीस वनस्पती'. लेखातल्या 'नारू' शब्दाखाली लाल रेघ होती. मल्लेश खुशीत म्हणाला की सर, तुमच्यामुळे हा माल हलला. वळसंगचा एक जण तर आईसाठी महिन्याला डबा नेतो, तिला नारू झालाय म्हणे. एक डबा उघडा होता. त्यातून व्हॅनिलाचा आणि गंजलेल्या खिळ्यांचा असा एकत्र वास येत होता. मी लेख काढ म्हणणार होतो, पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी नुसताच पित्ताच्या गोळ्या घेऊन निघालो.

घरी येऊन शब्दकोश उघडला. दाक्षायणी, माझी बायको, मेथी निवडत होती. तिने माझा चेहरा पाहून हात पुढे केला, पत्र वाचलं, तारीख पाहिली.

"अहो, शब्दकोशात पत्रं वाळत घालायची पद्धत कधीपासून?"

मी म्हटलं, उत्तर कसं लिहावं ते सुचत नव्हतं. ती म्हणाली की मग जाऊन सांगा, बोलता तरी येतं ना. हेही मला नीट येत नाही, हे तिला बेचाळीस वर्षं ठाऊक आहे. तिनेच पत्रावरचा नंबर फिरवला आणि संघप्रियाशी बोलून दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून टाकली.

वळसंगच्या थांब्यावर संघप्रिया उभी होती. तिशीची, खांद्याला रजिस्टरांची पिशवी. चालता चालता तिने सगळं सांगितलं. तिने त्या घरी चार वेळा सांगितलं होतं की नारू आता कुठेच नाही, आजीला दवाखान्यात न्या, रक्त तपासा. तिच्याकडे वाटायला लोहाच्या लाल गोळ्याही असतात, पण तपासल्याशिवाय ती आजीला देणार नव्हती. घरचे तिला म्हणाले, पेपरवाल्या सरांपेक्षा तुला जास्त कळतं का.

घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, समोर सिमेंटचा हौद. सोजरबाई हौदापासून लांब, म्हशीच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन आणि एक छोटी घागर. पाय पसरलेले, आणि दोन्ही पाय सारखे हलत होते. माझ्याकडे नीट बघून त्या संघप्रियाला म्हणाल्या, "हेच का ते, माझ्या पायात नारू सोडणारे?"

मी हात जोडले. त्यांनी लुगडं घोट्याच्या वर ओढून डावा पाय दाखवला.

पोटरीच्या खालच्या बाजूला तळहाताएवढी जखम होती. नारू वर यावा म्हणून घरच्यांनी तिथे चुना आणि गूळ यांचा लेप बांधला होता. कातडी भाजली, फोड फुटला, त्यात पू झाला. जखमेच्या कडेला मेलेल्या कातड्याची एक पांढरी तार सुटली तेव्हा सगळे म्हणाले, हे बघा तोंड. ती तार त्यांनी खराट्याच्या काडीला गुंडाळली आणि रोज एक वेढा दिला. चौथ्या दिवशी ती तुटली. तेव्हापासून नारू आत पळालाय म्हणतात, आणि लेप चालूच. जखमेवर माशा बसत होत्या. सोजरबाई हाकलत होत्या, पण सवयीने, मन लावून नाही.

वरून ती पावडर. दिवसातून तीन वेळा तीन चमचे. डब्यावर एक लिहिलंय, पण नारू मोठा म्हणून तीन. त्याने शौच काळंकुट्ट होतं. लोहाने तसं होतं. माझंही झालं होतं, लेखात ते लिहायची मला लाज वाटली होती. या घरात सून सकाळी ते काडीने ढवळून बघायची. नारू तुकडे तुकडे होऊन पडतोय, असं तिचं म्हणणं.

मला किळस आली. जखमेची आली, हे खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात आठवलं की नारूचं ते वाक्य मी वहीत चार वेळा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं, कुठे अडखळतं का ते बघायला.

मुलगा हरिबा कामावरून आला. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जातो. मला पाहून तो ओशाळला, ओसरीवर खुर्ची मांडली, पंखा लावला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला की वडिलांना लहानपणी नारू झाला होता, पाय वाकडा झाला तो झालाच. घरात त्याची मुलगी पिंकी आहे, सहा वर्षांची. हौदातलं पाणी सगळे पितात. म्हणून आईला सुनेने वरून पाणी ओतायचं, तिने हौदाला शिवायचं नाही. आईचा जीव त्याच्यासारखा दुसऱ्या कुणाला प्यारा नसणार, असं तो म्हणाला, आणि ते खरं असावं.

मी सांगायला सुरुवात केली. नारू नाही. मला कधीच नव्हता. ती नुसती उपमा होती.

"काय व्हती म्हनता?"

"उपमा."

हरिबा आत बघून म्हणाला, आगं सरांसाठी. आत गॅस पेटला. रवा भाजल्याचा वास आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पण तोवर फोडणी पडली होती. नको म्हणायचं धैर्य मला कधीच होत नाही. बशी हातात आली. कढीपत्ता, शेंगदाणे, वर लिंबाची फोड. समोर अंगणात ती जखम. मी खात राहिलो. सुनेने एक ॲल्युमिनियमची ताटली भरली, अंगणात नेली, जमिनीवर ठेवली आणि सोजरबाईंकडे पायाने सरकवली. संघप्रियाला कुणी खा म्हटलं नाही. ती अंगणातच उभी होती.

मी तोंडातला घास गिळला, आणि हरिबाला पुन्हा म्हटलं की मी चूक लिहिलं होतं, आईला नारू नाही.

तो शांतपणे म्हणाला, "छापल्यालं खोटं आन् तोंडानं बोलल्यालं खरं, आसं कसं, सर? उद्या तुमी म्हनाल मी वळसंगला गेलोच न्हवतो."

मी खिशातून पेन काढलं. म्हटलं, आत्ता लिहून देतो, सही करून. सोजरबाई तिकडून बोलल्या.

"आत्ता नगं. हातातनं दिल्यालं म्हंजी म्हातारीनं रडून लिहून घेतलं, आसं म्हनतील. पोस्टानं येऊ द्या. ह्याच्या नावावर घाला. पोस्टमन आनतो त्ये खरं." आणि जरा वेळाने, पाय चोळत, "लवकर घाला मात्र. मागल्या टायमासारकं नगं."

थांब्याकडे परतताना संघप्रियाला मी विचारलं, चार वेळा सांगूनही घरचे ऐकत नाहीत, तरी तुम्ही इथे येता कशा. ती म्हणाली, काम हाय माझं. मग म्हणाली, "वेगळ्या घागरीचं आमच्या घरात नवल न्हाय, सर. आजीला नवीन हाय, म्हणून तिला लई लागतंय." बस येईपर्यंत ती रजिस्टरात काहीतरी भरत होती.

घरी आल्याबरोबर लिहायला बसलो. पहिला कागद फाडला. त्यात 'वस्तुतः' होतं. दुसऱ्यात मी डॉक्टर नसल्याची सबब पाऊण पान गेली होती. तिसऱ्यात माझ्या पश्चात्तापाचं वर्णन होतं, आणि ते मला आवडू लागलं होतं. तोही फाडला. दाक्षायणी म्हणाली, पत्त्यावरचं नाव ज्याचं आहे त्याला कळेल असं लिहा. चौथा असा:

'श्री. हरिबा यांस. तुमच्या आईला नारू नाही. मलाही नव्हता. पेपरात मी चूक लिहिलं. नारू देशातून जाऊन पंचवीस वर्षं झाली. तुमच्या आईने हौदातून पाणी घेतलं तर कुणालाही काही होणार नाही. पायाची जखम चुन्याने झाली आहे. लेप आजच बंद करा आणि उद्याच त्यांना सरकारी दवाखान्यात न्या. पावडर बंद करा. माझे पाय बरे झाले ते आधी रक्त तपासून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या म्हणून. हे मी पेपरात लपवलं. रक्तात लोह कमी नसताना ते खाल्लं तर अपाय होतो. शौच काळं होतं ते लोहानेही होतं, पण तेही डॉक्टरांना सांगा. संघप्रियाताईंनी तुम्हाला हे सगळं आधी सांगितलं होतं. त्यांचं बरोबर होतं. पुढेही त्यांचं ऐका. हे पत्र चार लोकांत वाचून दाखवायला माझी हरकत नाही.'

खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही. असंच एक पत्र दैनिकाच्या संपादकांना लिहिलं. ते छापतील की नाही, ठाऊक नाही.

सकाळी वाटेत मेडिकल लागलं. मी आत गेलो आणि मल्लेशला म्हटलं की काचेवरचा कागद काढ. तो हसला, म्हणाला की सर, लोक वाचतात. मी म्हटलं, म्हणूनच. तो काढीना, तेव्हा मीच नखाने चिकटपट्टी सोडवली. त्यात अर्धं तरी मिनिट गेलं असेल. तो बघत राहिला. लेख घडी करून मी पिशवीत घातला.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंना मी विनंती केली की शिक्का स्पष्ट उमटवा, तारीख वाचता आली पाहिजे. त्यांनी वर पाहिलं, कारण विचारलं नाही. शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला, पाकिटावर मारला आणि मला दाखवला. सोलापूर वाचता येत होतं, तारीखही. मी मान हलवली, आणि त्यांनी पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.