चारही हिरवे

अश्विननं राजीनामा लिहून ठेवला होता. शेअर बाजारातला सोमवारचा सौदा फायद्यात गेला, की तो खाणीच्या ऑफिसात पोचायचा होता. माजरीच्या कोळसा खाणीतली ही नोकरी सासऱ्यांच्या साडेचार एकरांच्या बदल्यात मिळालेली. ती जमीन आता दीडशे फूट खोल खड्डा होती. नोकरी सोडली तर जमीन परत मागता येणार नव्हती, एवढं गणित त्याच्या बायकोला, नूतनला, येत होतं.

अश्विन सुरुंग उडवणाऱ्या टोळीत होता. तिथं खड्ड्याच्या चारी बाजूंना माणसं उभी राहतात, आपापली बाजू मोकळी दिसली की हिरवा झेंडा दाखवतात. चारही हिरवे झाल्याशिवाय बटणाला कोणी हात लावत नाही. बारा वर्षांत त्याच्या टोळीत कोणाला खरचटलंही नव्हतं. हाच नियम अश्विननं शेअर बाजाराला लावला. पाच मिनिटांच्या चार्टवर आरएसआय, स्टोकॅस्टिक, एमएसीडी आणि मूव्हिंग ॲव्हरेज असे चार इंडिकेटर, म्हणजे कधी घ्यायचं, कधी विकायचं ते सांगणाऱ्या रेघा. चौघांनी ‘घे’ म्हटलं की घ्यायचं आणि बाजार उठायच्या आत विकायचं.

सोमवारी त्यानं रजा टाकली. टोळीतले जुने लहानूभाऊ दुपारच्या पाळीला जाताना राजीनामा नेणार होते, म्हणून सकाळीच येऊन बसले. नूतन शिक्षिका, तिची शाळा दुपारची.

पावणेदहाला एका सिमेंट कंपनीचा शेअर चढू लागला. आरएसआय ‘घे’ म्हणाला. दहाला स्टोकॅस्टिकही म्हणाला.

“घे ना मंग,” लहानूभाऊ म्हणाले.

“दोन बाकी हायेत, भाऊ. घाई केली की मानूस मरते.”

एमएसीडीला साडेदहा झाले. मूव्हिंग ॲव्हरेज रुसलेल्या जावयासारखा अकराला उगवला. तोवर शेअरला जेवढं चढायचं होतं तेवढं तो चढला होता. अश्विननं दिवसाच्या शेंड्यावर खरेदी केली आणि सव्वाअकराला भाव घसरू लागला.

“हे चौघं पाहतात काय?” नूतननं विचारलं.

“भाव.”

“चारही?”

“फॉर्म्युला वेगवेगळा हाय ना.”

“म्हंजे मानूस एकच, टोप्या चार.”

लहानूभाऊंनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. “एकाच मानसाच्या हाती चारही झेंडे असन, तर त्याच्या भरोशावर मी बिडी बी नाई पेटवनार.”

अश्विननं तोटा खाऊन शेअर विकला, बराच वेळ चार्टकडे पाहिलं आणि चूक शोधून काढली. “चार कमी पडले. अजून एक पायजे होता.”

सहा महिने नूतन राजीनाम्यावरून त्याच्याशी भांडत आली होती. आज भांडली नाही.

“एकानं काय होते? बारा लावा,” ती म्हणाली. “बाराही एकाच वेळी हो म्हनतील तवाच सौदा. अन् तो जिंकला, की राजीनामा.”

अश्विननं लगेच कबूल केलं. आपली बायको आपल्याला इतकं समजून घेईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

बाराची यादी नूतननं स्वतः केली, आठवडाभर बसून. सहा चढत्या भावामागे धावणारे; सहा, भाव फार चढला, आता उलटणार, घेऊ नको असं म्हणणारे. दोन वर्षांच्या भावांवर तिनं ते गुपचूप तपासून घेतलं. बाराही एकमतानं ‘घे’ म्हणालेत, असे दिवस: शून्य.

आता चार्टवर इतक्या रेघा आहेत, की भाव दिसत नाही. अश्विन ड्यूटी चुकवत नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पाहतो आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकताच सांगतो, “आज सात झाले होते.”

“होतील,” नूतन म्हणते आणि त्याचा डबा धुवायला घेते.